विश्लेषण : इटालियन समजून घ्यायला इंग्रजीचा वळसा कशाला?

मिलान किंवा तुरिनमधल्या एखाद्या जुन्या वसतिगृहात ऐन थंडीत उतरलेला भारतीय विद्यार्थी पहिल्या सकाळी नळासमोर उभा राहतो. एका तोटीवर ‘सी’ हे अक्षर, दुसऱ्या तोटीवर ‘एफ’. इंग्रजीत शिकलेल्या डोक्याला ‘सी’ म्हणजे ‘कोल्ड’ एवढेच दिसते आणि तो ती तोटी पूर्ण उघडतो. इटालियनमध्ये ‘काल्दो’ म्हणजे गरम आणि ‘फ्रेद्दो’ म्हणजे थंड. हात पोळण्याचा हा प्रसंग इतका नेहमीचा आहे, की इटलीला जाणाऱ्यांना द्यायच्या सूचनांमध्ये तो हमखास सांगितला जातो. नळावर चूक झाली तर फुंकर मारून काम भागते. हीच चूक परवान्याच्या अर्जात किंवा नोकरीच्या कागदावर झाली तर काय होते, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे मूळ बहुतेक वेळा इटालियन भाषेत नसते, ती भाषा ज्या दारातून आपण बघतो त्या इंग्रजी दारात असते.

अडचण नेमकी कुठे?

इटालियन शिकवणारी बहुतेक अॅप्स, व्हिडीओ आणि प्रवाशांसाठीची खिशातली पुस्तके इंग्रजीत आहेत. मराठी माणूस ती वापरतो तेव्हा त्याच्या डोक्यात दोन भाषांतरे होतात. आधी इटालियनचे इंग्रजी, मग इंग्रजीचे मराठी. एखादा फोटो व्हॉट्सअॅपवरून एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला पाठवत गेले की दर टप्प्यावर त्यातले बारकावे गळतात. चेहरा ओळखू येतो, पण शर्टावरची नक्षी जाते. भाषेतही तेच होते. इंग्रजीत ज्या गोष्टीसाठी जागाच नाही ती पहिल्या टप्प्यावर गळते आणि मराठीत तिच्यासाठी जागा तयार असूनही ती तिथपर्यंत पोहोचत नाही.

यंत्रेही बराच काळ असाच वळसा घेत होती. दोन बिगरइंग्रजी भाषांमधले भाषांतर करताना संगणकीय प्रणाली आधी इंग्रजीत यायच्या आणि मग पुढे जायच्या, कारण प्रशिक्षणासाठी लागणारा जोडमजकूर इंग्रजीसोबतच मुबलक मिळतो. २०१६ नंतर न्यूरल पद्धतीने चित्र बरेच बदलले. आजची यंत्रे वाक्याचा संदर्भ पूर्वीपेक्षा खूप चांगला पकडतात. तरी मराठीसारख्या भाषेला इंग्रजीची सावली सहज सुटत नाही.

महाराष्ट्राला हा वळसा नवीनही नाही. पुरंदरच्या मोहिमेत मिर्झाराजे जयसिंहांच्या सैन्यात तोफखान्यावर असलेला आणि शिवाजी महाराजांना प्रत्यक्ष भेटल्याचे लिहून ठेवणारा निकोलाओ मनुची हा व्हेनिसचा. त्याच्या ग्रंथाचे लेखन इटालियन, पोर्तुगीज आणि फ्रेंच अशा तीन भाषांत झाले, कारण लेखनिक बदलत गेले. आपल्याकडच्या अभ्यासकांना तो प्रामुख्याने भेटला तो विल्यम आयर्विन यांच्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रजी भाषांतरातून.

‘मला आवडते’ हे इंग्रजीला का जमत नाही?

इटालियनच्या पहिल्या आठवड्यात जो धडा इंग्रजी बोलणाऱ्यांना रडवतो, तो मराठी मुलाने खरे तर पाच मिनिटांत संपवायला हवा. ‘मि प्याचे’. इंग्रजी पुस्तक त्याचा अर्थ ‘आय लाइक’ असा देते आणि पुढे दोन पाने समजावत बसते, की इथे ‘मी’ हा कर्ता नाही, आवडणारी वस्तू हा कर्ता आहे, क्रियापद तिच्याप्रमाणे बदलते, वगैरे.

मराठीत आपण आणखी काय करतो? ‘मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात.’ आंबा एक असेल तर ‘आवडतो’, अनेक असतील तर ‘आवडतात’. ‘मला’ आहे तसाच राहतो. इटालियनमध्येही एका वस्तूसाठी ‘मि प्याचे’ आणि अनेक वस्तूंसाठी ‘मि प्याच्चोनो’. ‘मि’ म्हणजे इथे सरळसरळ ‘मला’. जो नियम इंग्रजी पुस्तकात अपवाद म्हणून येतो, तो मराठी घरात मूल बोलायला लागल्यापासून वापरते. तरीही वर्गात बसलेला मराठी विद्यार्थी ‘आय लाइक’ वरून सुरुवात करतो, इंग्रजीतला कर्ता आधी डोक्यात घालून घेतो आणि मग तो काढून टाकण्यासाठी धडपडतो. हा वेळेचा अपव्यय आहे आणि तो आपणच ओढवून घेतलेला आहे.

उदाहरणे इथेच संपत नाहीत. ‘मि सेर्वे’ म्हणजे ‘मला लागतो, मला हवा आहे’. इंग्रजीत तो ‘आय नीड’ होतो आणि कर्ता पुन्हा फिरतो. कोणाची उणीव भासते तेव्हा इटालियन माणूस ‘मि मांकी’ म्हणतो. यात कर्ता ‘तू’ आहे, मला कमी पडतो आहेस तो तू. ‘आय मिस यू’ या तीन शब्दांत ‘मी’ पुढे येऊन बसतो. मराठीतही ‘मला तुझी आठवण येते’ असेच आपण म्हणतो. येते ती आठवण, मी फक्त तिला दार उघडतो. डोके दुखते तेव्हा ‘मि फा माले ला तेस्ता’. इंग्रजी माणसाकडे डोकेदुखी ‘असते’. मराठी आणि इटालियन माणसाचे डोके स्वतःच दुखते.

थंडीचे उदाहरण तर शिकताना हमखास गोंधळ घालते. ‘आय अॅम कोल्ड’ याचे शब्दशः इटालियन केले तर ‘सोनो फ्रेद्दो’ होते आणि ऐकणाऱ्याला वाटते की हा माणूस स्वभावाने थंड असल्याचे सांगतो आहे. ‘सोनो काल्दो’ म्हटले तर समोरचा गालातल्या गालात हसतो, कारण त्याचा अर्थ भलतीकडे जातो. योग्य शब्द आहेत ‘ओ फ्रेद्दो’, म्हणजे मजजवळ थंडी आहे. मराठीत थंडी ‘वाजते’ आणि उकडते तेव्हा ‘मला उकडते’. रचना तंतोतंत एक नाही, पण ‘मी थंड आहे’ असे म्हणण्याची चूक मराठी माणूस मराठीतून विचार करताना कधी करणार नाही. इंग्रजीतून विचार करताना मात्र करतो.

‘प्यानो प्यानो’ हे आणखी एक. इंग्रजी अर्थ ‘स्लोली, स्लोली’ असा विचित्र दिसतो. मराठीत तो आयता ‘हळूहळू’ आहे, द्विरुक्तीसकट. हाच ‘प्यानो’ शब्द लिफ्टमध्ये ‘मजला’ म्हणून भेटतो, ऑफिसात ‘योजना’ म्हणून आणि संगीतात ‘मंद आवाजात’ म्हणून. वाद्याचे नावही तिथूनच आले. मंद आणि जोरात असे दोन्ही वाजते म्हणून ‘प्यानोफोर्ते’, आणि पुढे आळसाने नुसता पियानो.

अरेतुरे आणि अहोजाहो

इटालियनमधला ‘तू’ उच्चारालाही ‘तू’च आहे आणि अर्थालाही. आदरार्थी रूप ‘लेई’. गंमत अशी की ‘लेई’चा मूळ अर्थ ‘ती’. जुन्या काळी मोठ्या माणसाला ‘आपली सरकारस्वारी’ या थाटाच्या स्त्रीलिंगी पदवीने संबोधत, तिला उद्देशून ‘ती कशी आहे’ असे विचारत आणि तेच रूप रुळले. ‘सरकारांची तब्येत कशी आहे’ हे समोरच्यालाच विचारण्याची रीत ज्या भाषेत होती, त्या भाषेच्या वाचकाला यात नवल वाटू नये.

‘कोमे स्ताइ’ म्हणजे ‘कसा आहेस’. ‘कोमे स्ता’ म्हणजे ‘कसे आहात’. इंग्रजीत दोन्ही ‘हाऊ आर यू’. या एका ‘यू’मध्ये सगळा मानापमान वाहून जातो. इंग्रजीतून शिकलेला विद्यार्थी घरमालकीणबाईंना, प्राध्यापकांना आणि पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्याला सरसकट ‘तू’ म्हणतो, कारण अॅपने तेच आधी शिकवलेले असते. परदेशी म्हणून लोक समजून घेतात. पण ज्या मुलाने आयुष्यात कधी बाईंना ‘ए बाई, तू’ म्हटले नाही, त्याच्याकडून हे घडते ते केवळ भाषांतराच्या पुलामुळे.

आणखी एक साम्य तर विलक्षण आहे. कोणाला कसे संबोधायचे या क्रियेलाच दोन्ही भाषांत नाव आहे. आपण ‘अरेतुरे करणे’, ‘अहोजाहो करणे’ म्हणतो. ते ‘तू देणे’, ‘लेई देणे’ म्हणतात. ओळख वाढली की मोठ्या माणसाने ‘आता अरेतुरेवर येऊ या’ असे सुचवायचे, लहानाने आपणहून घसरायचे नाही, हा शिष्टाचारही ओळखीचा. फरकही आहेत. इटालियन मुले आईवडिलांना ‘तू’ म्हणतात. आपल्याकडे आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘अहो’ हा प्रकार अजून पुरता गेलेला नाही. देवाला मात्र दोन्हीकडे अरेतुरेच.

या दोन अक्षरांवर सरकारनेही हात फिरवला होता. १९३८मध्ये मुसोलिनीच्या फॅसिस्ट राजवटीने ‘लेई’ परकीय आणि लाचार असल्याचे ठरवून त्याऐवजी ‘वोई’ वापरण्याचा फतवा काढला. ‘लेई’ नावाच्या एका महिला मासिकाला, जिथे त्याचा अर्थ फक्त ‘ती’ एवढाच होता, नाव बदलून ‘अन्नाबेल्ला’ व्हावे लागले. राजवट गेली, ‘लेई’ परत आली. दक्षिणेत काही ठिकाणी वडीलधाऱ्यांसाठी ‘वोई’ आजही ऐकू येते, पण ते तिथले जुनेच, फतव्याचे नव्हे.

नातू, भाचा, पुतण्या, सगळे एकच?

दरवेळी मराठी जवळची ठरते असे मात्र नाही. ‘निपोते’ हा शब्द घ्या. भाचा, भाची, पुतण्या, पुतणी, नातू, नात या सहाही नात्यांसाठी इटालियनमध्ये हा एक शब्द. मुलगा की मुलगी ते आधीच्या उपपदावरून कळते, बाकी संदर्भावरून. इंग्रजी भाषांतरकाराला चारांतला एक शब्द निवडावा लागतो आणि मराठीला सहांतला. एखाद्या इटालियन कादंबरीत म्हातारा ‘निपोते’ची वाट बघत बसला असेल, तर इंग्रजी अनुवादकाने ‘नेफ्यू’ म्हटल्यावर मराठी अनुवादकाने भाचा म्हणायचे की पुतण्या? बहिणीचा मुलगा की भावाचा हे मूळ मजकुरात कुठेतरी असते किंवा नसते. इंग्रजीवरून अनुवाद करणारा ते शोधायलाही जात नाही.

हा शब्द मुळात आपलाच भाऊबंद आहे. लॅटिनचा ‘नेपोस’ आणि संस्कृतचा ‘नप्तृ’ एका कुळातले. त्या नप्तृचा मराठीत नातू झाला. इटालियनमध्ये पोपमहाशय आपल्या ‘निपोते’ मंडळींना कार्डिनल करून टाकत, त्यावरून ‘नेपोतिझ्मो’ शब्द आला. १६९२मध्ये पोप इनोसंट बारावे यांनी या प्रथेला बंदी घातली. शब्द मात्र इंग्रजीमार्गे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत पोहोचला आणि तिथे चांगला रमला.

ताटातले फसवे शब्द

उपाहारगृहातला गोंधळ सगळ्यांना माहीत असतो म्हणून थोडक्यात. ‘लात्ते’ मागितले की दूध येते, कॉफी नाही. ‘पेपेरोनी’ म्हणजे अमेरिकी पिझ्झ्यावरचे मांसाचे काप नव्हेत, ती ढोबळी मिरची. शाकाहारी माणूस हे नाव बघून उगाच उपाशी राहतो. पिझ्झा ‘मारिनारा’च्या नावात समुद्र आहे, पण त्यावर मासा नसतो. टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढेच. मासळीच्या दरापुढे ‘आल्लेत्तो’ लिहिलेले असेल तर तो दर शंभर ग्रॅमचा आहे, अख्ख्या माशाचा नाही. हे न कळल्याने बिल बघून घाम फुटलेले प्रवासी कमी नाहीत.

‘कॉन्फेटी’चे प्रकरण मात्र जरा थांबून बघण्यासारखे आहे. इंग्रजीत ते रंगीत कागदाचे तुकडे. इटलीत ‘कोन्फेत्ती’ म्हणजे साखरेचे कवच चढवलेले बदाम, लग्नात पाहुण्यांना देतात ते. कागदाच्या तुकड्यांना तिथे ‘कोरियांदोली’ म्हणतात, म्हणजे शब्दशः धणे. कारण एके काळी कार्निव्हलमध्ये साखरेत घोळवलेले धणे लोकांवर उधळले जात. पुढे कागद आला, नाव राहिले. इंग्रजी वाचकाला यासाठी तळटीप लागते. ज्याने संक्रांतीचा काटेरी हलवा पाहिला आहे आणि बोरन्हाणात लहान मुलाच्या डोक्यावरून हलवा, बोरे, चुरमुरे ओतलेले पाहिले आहेत, त्याला कशाचीच गरज नाही.

कागदपत्रांत चूक महाग का पडते?

आता नळाकडून सरकारी खिडकीकडे. इंग्रजीतून शिकवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमांमुळे भारतातून, महाराष्ट्रातूनही, इटलीतल्या विद्यापीठांत विद्यार्थी जातात. शिकवणी इंग्रजीत असली तरी सरकारी कारभार इटालियनमध्ये चालतो. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेल्याने देशात पाऊल ठेवल्यापासून कामकाजाच्या आठ दिवसांत ‘पेर्मेस्सो दि सोज्जोर्नो’, म्हणजे राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करायचा असतो. तो अर्ज टपाल कार्यालयातून जातो. त्यावर ‘मार्का दा बोल्लो’ लागतो. इंग्रजी भाषांतर ‘रेव्हेन्यू स्टॅम्प’. भारतीय विद्यार्थी तो मुद्रांक विक्रेत्याकडे किंवा कचेरीत शोधतो. मिळतो कुठे, तर तंबाखूच्या दुकानात. दारावर मोठा ‘टी’ लटकणाऱ्या या ‘ताबाक्केरिया’चे ‘टोबॅको शॉप’ हे भाषांतर अचूक आहे आणि निरुपयोगी. तंबाखू आणि मीठ या एके काळच्या सरकारी मक्तेदारीच्या वस्तू विकण्याचा परवाना ज्या दुकानाला, तिथेच सरकारी तिकिटेही, असा तो हिशेब. पानटपरीवर स्टॅम्प मिळेल अशी कल्पना आपल्याकडे कोण करील?

अर्ज दिल्यावर मिळते ती ‘रिचेवूता’. इंग्रजीत ‘रिसीट’. हा शब्द वाचून डोळ्यांसमोर सुपरमार्केटचा कागद येतो, जो आपण दारातच टाकून देतो. प्रत्यक्षात कार्ड हातात येईपर्यंत, आणि त्याला काही महिनेही लागू शकतात, अर्ज केल्याचा तोच पुरावा असतो. मराठीत ‘पावती’ म्हटले असते तर आपसूक पाकिटात जपून ठेवली असती. पावतीला आपल्याकडे वजन आहे.

सगळ्यात फसवा रकाना ‘दोमिचीलियो’चा. इंग्रजीत ‘डोमिसाइल’. महाराष्ट्रातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने बारावीनंतर या शब्दासाठी सेतू केंद्रात रांग लावलेली असते. त्याच्यासाठी डोमिसाइल म्हणजे राज्यात वर्षानुवर्षे राहिल्याचे अधिवास प्रमाणपत्र. म्हणून त्या रकान्यात तो साताऱ्याचा किंवा अकोल्याचा पत्ता लिहितो. इटलीच्या दिवाणी संहितेच्या कलम ४३नुसार दोमिचीलियो म्हणजे माणसाचे व्यवहार आणि हितसंबंध जिथे मुख्यतः आहेत ती जागा, आणि ‘रेजिदेंत्सा’ म्हणजे जिथे तो नेहमी राहतो ती जागा. दोन्ही वेगळ्या असू शकतात आणि दोन्ही इटलीतल्याच असू शकतात. शब्द लॅटिनमधून निघून इंग्रजीत आला, इंग्रजांनी तो भारतात आणला, इथल्या नियमांनी त्याला स्वतःचा अर्थ दिला. उच्चार ओळखीचा म्हणून अर्थही ओळखीचा, हे गृहीतच इथे घात करते.

उलट ‘कोन्योमे’ आणि ‘नोमे’ या रकान्यांत मराठी सवय कामी येते. आधी आडनाव, मग नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आपली नावे अशीच छापलेली असतात. या दोन्हींवरून आणि जन्मतारीख, जन्मस्थळ यांवरून सोळा अक्षर-अंकांचा ‘कोदिचे फिस्काले’ तयार होतो. आपल्या पॅनसारखा, पण त्यापेक्षा बोलका. आडनावातली व्यंजने, नावातली व्यंजने, तारीख, सगळे त्यात दिसते. स्त्रियांच्या जन्मदिवसात चाळीस मिळवतात, म्हणजे पाच तारखेची मुलगी तिथे पंचेचाळीस होते. भारतात जन्मलेल्यांना जन्मस्थळाचा एकच संकेतांक, ‘झेड २२२’. सातारा काय आणि शिलाँग काय.

‘कापोराले’ म्हणजे गँगमास्टर की मुकादम?

जून २०२४मध्ये रोमच्या दक्षिणेकडील लातिना जिल्ह्यात पंजाबमधून गेलेल्या एका शेतमजुराचा हात यंत्रात सापडून तुटला. त्याला रुग्णालयात नेण्याऐवजी घराजवळ आणून टाकण्यात आले आणि पुढे त्याचा मृत्यू झाला. त्याच्याकडे कामाचा कागदोपत्री करार नव्हता. या बातमीसोबत ‘कापोरालातो’ हा शब्द जगभर गेला. इंग्रजी वृत्तसंस्थांनी त्याचे ‘गँगमास्टर सिस्टीम’ असे भाषांतर केले. त्या इंग्रजीचे मराठी सरळ करायला गेले तर ‘टोळीप्रमुख’ होते आणि वाचकापुढे दरोडेखोर उभा राहतो.

‘कापोराले’ म्हणजे मूळचा लष्करातला नाईक. शेतीत तो मजुरांची जमवाजमव करणारा, त्यांना वाहनात कोंबून शेतावर नेणारा, मालकाकडून पैसे घेऊन त्यातला वाटा कापून उरलेले मजुरांना देणारा मध्यस्थ. बीडच्या, अहिल्यानगरच्या किंवा जालन्याच्या वाचकाला हा माणूस समजावून सांगावा लागत नाही. ऊसतोडीत त्याला मुकादम म्हणतात. तिथेही टोळी असते, उचल असते, नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो आणि कारखाना आपले बोलणे मुकादमाशी असल्याचे सांगून मोकळा होतो. दोन्ही व्यवस्था एकच आहेत असे म्हणणे चूक ठरेल. इटलीत कापोरालातो हा दंडसंहितेच्या कलम ६०३ ‘बिस’खालचा गुन्हा आहे, २०११मध्ये आणलेला. २०१६च्या कायदा क्रमांक १९९ने त्याची व्याप्ती वाढवली आणि मध्यस्थाबरोबर मालकालाही आरोपी करण्याची सोय केली. आपल्याकडे मुकादमी हा गुन्हा नाही, उघड व्यवहार आहे. पण मजुराच्या बाजूने बघितले तर जो माणूस दोन्ही ठिकाणी मधे उभा असतो, त्याला मराठीत ‘मुकादम’ म्हटल्यावर लातिनाची बातमी परदेशातली राहत नाही. ‘गँगमास्टर’ म्हटल्यावर राहते. मराठी माध्यमांनी एवढा शब्द बदलला तरी वाचकाचे डोळे उघडतील.

‘इन नेरो’ हाही तसाच. शब्दशः ‘काळ्यात’. नोंदीविना केलेले काम. काळ्या पैशाची सवय असलेल्या समाजाला ‘काळे काम’ चटकन कळावे, पण आपल्याकडे त्याचा अर्थ कुकर्म असा होईल, म्हणून ‘हजेरीपटाबाहेरचे काम’ बरे. मजुराने मागायची ती ‘बुस्ता पागा’, पगाराचे पाकीट, म्हणजे पगारपत्रक. ते हाती नसेल तर त्याने किती तास घाम गाळला हे सिद्ध करणे त्याच्यासाठी फार कठीण होते.

आणि इथे इंग्रजीला पूर्णपणे बाजूला ठेवणारा एक रस्ता दिसतो. ‘पागा’ आणि ‘पगार’. मराठीला पगार दिला तो पोर्तुगीजांनी, गोवा आणि वसईच्या वाटेने. पोर्तुगीज आणि इटालियन दोन्ही लॅटिनच्या लेकी. म्हणून आपली चावी आणि त्यांची ‘क्यावे’, आपला बटाटा आणि त्यांचा ‘पाताता’, आपला पाव आणि त्यांचा ‘पाने’ एकमेकांना बघून हसतात. मराठी किंवा कोंकणी बोलणाऱ्याने ‘की’ आणि ‘ब्रेड’ असे अर्थ पाठ करत बसण्याचे काही कारण नाही.

मग इंग्रजी टाकूनच द्यायची का?

तसे म्हणणे बावळटपणाचे होईल. ‘नेशन’चे ‘नात्सियोने’, ‘युनिव्हर्सिटी’चे ‘उनिवेर्सिता’ असे हजारो जड शब्द इंग्रजी येणाऱ्याला फुकटात मिळतात आणि तिथे मराठीचा काही उपयोग नाही. क्वारंटाइन, मलेरिया, गॅझेट हे शब्द मराठीत आले ते इटलीतून निघून इंग्रजीच्याच गाडीत बसून. चाळीस दिवसांचा ‘क्वारांता’, वाईट हवेची ‘माला आरिया’ आणि व्हेनिसचे ‘गझेता’ हे छोटे नाणे, ज्याच्या मोबदल्यात बातमीपत्र मिळे. मराठीच्याही मर्यादा आहेत. आपल्याला तीन लिंगे आहेत, त्यांना दोन. आपल्याकडे उपपदे नाहीत, त्यांच्याकडे डझनभर रूपे आहेत. आपला ‘परवा’ मागचा की पुढचा हे क्रियापद आल्याशिवाय कळत नाही. इटालियनमध्ये दोन्हींना वेगळे शब्द आहेत.

इंग्रजीचा आधार घ्यावा तो पायरीसारखा. शब्दाचा इंग्रजी अर्थ वाचल्यावर वही बंद करू नये. हे वाक्य आपल्या घरात, आपल्या बाजारात कोण, कोणाला, कधी म्हणेल असे एकदा विचारावे. ‘प्रेगो’चा कोशातला अर्थ ‘यू आर वेलकम’. पण दुकानदार ग्राहकाकडे वळून ‘प्रेगो’ म्हणतो तेव्हा तो ‘बोला’ असतो, दार धरून उभा राहतो तेव्हा ‘या ना’ आणि ताट पुढे करतो तेव्हा ‘घ्या ना’. कोणाच्या घरात शिरताना उंबऱ्यावर म्हणायचे ‘पेर्मेस्सो’ म्हणजे ‘येऊ का आत?’, दार उघडे असले आणि बोलावणे आधीच आलेले असले तरी. ‘मागारी’ला इंग्रजी कोश ‘मेबी’ म्हणतो. लॉटरी लागली का असे विचारल्यावर इटालियन माणूस ‘मागारी!’ म्हणतो, तेव्हा त्यात ‘कदाचित’ नावालाही नसते. ‘तसे झाले असते तर आणखी काय हवे होते!’ असे ते असते.

‘ति आमो’ आणि ‘ति वोल्यो बेने’ या दोन्हींचे इंग्रजी ‘आय लव्ह यू’. पहिले प्रियकर-प्रेयसीचे. दुसरे आई मुलाला म्हणते, मित्र मित्राला म्हणतो, आजी फोन ठेवताना म्हणते. शब्द बघितले तर ‘मी तुझे भले इच्छितो’. घरमालकीणबाई निरोप देताना ‘ति वोल्यो बेने’ म्हणाल्या आणि मुलाने अॅपवर अर्थ पाहिला, तर त्याची झोप उडेल. त्यांना म्हणायचे होते ते फक्त ‘माझा जीव आहे हो तुझ्यावर’.

परीक्षेच्या सकाळी वर्गातले मित्र ‘इन बोक्का आल लूपो’ म्हणतात. भाषांतर येते ‘गुड लक’. विद्यार्थी सभ्यपणे ‘ग्रात्सिये’ म्हणजे धन्यवाद म्हणतो आणि मित्रांचे चेहरे पडतात. कारण ते त्याला ‘लांडग्याच्या तोंडात जा’ असे म्हणालेले असतात. दृष्ट लागू नये म्हणून उलट बोलण्यातला तो प्रकार आहे, आणि त्याला धन्यवाद देणे अपशकुनी. उत्तर ठरलेले असते, ‘क्रेपी’, म्हणजे मरो तो लांडगा. अलीकडे प्राण्यांविषयी कळवळा असलेली तरुण मंडळी ते बदलून ‘विवा इल लूपो’ म्हणतात, लांडगा जगो.